तुम्ही विचारलंत म्हणून: पार्क जिन-मानच का?

"कोरियात नोकरीला होतात, बेसबॉलचं वेड तिथूनच घेऊन आलात, मग तुमचा आवडता खेळाडू कोण?" असं मला बरेच जण विचारतात. मी पार्क जिन-मान म्हणतो आणि पुढचा प्रश्न ठरलेला असतो, "किती होमरन मारले त्याने?" होमरनवरून, म्हणजे थेट मैदानाबाहेर मारलेल्या फटक्यांवरून, हा माणूस कळायचा नाही, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

तो शॉर्टस्टॉप, म्हणजे दुसऱ्या आणि तिसऱ्या बेसच्या मधला राखणदार. (बेस म्हणजे धावणाऱ्याने एकेक करून गाठायचे टप्पे.) उजव्या हाताच्या फलंदाजांचे जोरकस सरपटी फटके याच बाजूला येतात आणि इथून पहिल्या बेसपर्यंतची फेकही लांबची. चेंडू हातात क्षणभर अडखळला तरी धावणारा बेसवर पोचलेला असतो. कोरियन लोक या जागेला 'युग्योक्सु' म्हणतात. एका जागी ठाण न मांडता फिरत राहून घाव घालणं म्हणजे युग्योक. गनिमी काव्याच्या लढाईलाही तिथे हाच शब्द आहे. हे कळलं त्या दिवसापासून मी शॉर्टस्टॉपकडे वेगळ्या नजरेने बघायला लागलो.

इंचनचा हा मुलगा 1996मध्ये ह्युंदाई युनिकॉर्न्स या संघाकडून उतरला आणि 2015पर्यंत खेळला. ह्युंदाईबरोबर 4 विजेतेपदं, मग सॅमसंग लायन्सबरोबर 2005 आणि 2006 अशी लागोपाठ दोन. गोल्डन ग्लव्ह पुरस्कार 5 वेळा. मात्र नावात क्षेत्ररक्षकाचा ग्लव्ह असला तरी कोरियातला हा पुरस्कार देताना फलंदाजीही बघतात. निव्वळ क्षेत्ररक्षणाचा वेगळा पुरस्कार तिथल्या लीगने सुरू केला तो थेट 2023मध्ये. तोवर पार्क सॅमसंगचा मुख्य प्रशिक्षक झाला होता. याची मला अजून हळहळ वाटते. लोकांनी मात्र त्याला आधीच 'देशाचा शॉर्टस्टॉप' म्हणायला सुरुवात केली होती.

त्याची उडी पाहायची असेल, तर 2006च्या वर्ल्ड बेसबॉल क्लासिकमधला टोकियोचा सामना बघा. तैवानविरुद्ध कोरिया 2-0 पुढे, शेवटची इनिंग. त्याने झेप घेऊन चेंडू अडवला आणि जमिनीवरूनच दुसऱ्या बेसकडे फेकून सामना संपवला. पण अशा झेपा त्याला क्वचितच घ्याव्या लागत. फलंदाज कोण, आपला पिचर, म्हणजे चेंडू टाकणारा, काय टाकणार, हे ओळखून तो आधीच दोन पावलं सरकलेला असे. मग चेंडू आपणहून त्याच्याकडे चालत आल्यासारखा वाटे, आणि नवख्या माणसाला त्यात काही विशेष घडलं असं वाटतच नसे. मलाही पहिलं वर्षभर वाटलं नव्हतं.

ते कळलं 23 ऑगस्ट 2008 रोजी. शनिवारची संध्याकाळ, बीजिंग ऑलिंपिकची अंतिम लढत, समोर क्यूबा. मी सुवॉनमधल्या एका चिकन-बिअरच्या दुकानात उभा होतो, बसायला जागाच नव्हती. कोरिया 3-2 पुढे. नवव्या, म्हणजे शेवटच्या इनिंगमध्ये तिन्ही बेसवर क्यूबाचे धावणारे आणि बाद फक्त एक. पंचांशी वाद घातला म्हणून कोरियाचा कॅचर (फलंदाजामागे बसून चेंडू झेलणारा) कांग मिन-हो याला बाहेर काढलेलं, रागाने त्याने ग्लव्ह भिरकावलेला. आठ इनिंगहून जास्त टाकून पिचर र्‍यू ह्युन-जिनही परतला होता. खालून हात फिरवणारा चोंग दे-ह्युन आला. समोर क्यूबाचा फलंदाज गुरिएल. दुकानात तळणीचा आवाज तेवढा येत होता.

गुरिएलचा फटका जमिनीवरून शॉर्टस्टॉपकडे गेला. तसे हजारो चेंडू पार्कने आयुष्यभर उचलले असतील, सरावात तर रोज. पण हा सुटला असता, तर सुवर्णपदक गेलं असतं. त्याने तो रोजच्यासारखा उचलला, दुसऱ्या बेसवर को यंग-मिनकडे दिला, तिथून तो पहिल्या बेसवर ली सुंग-योपच्या ग्लव्हमध्ये. एका फटक्यात दोघे बाद, आधीचा धरून तिघे, सामना संपला.

दुकानात एकच कल्ला झाला. सगळे ली सुंग-योप आणि र्‍यूच्या नावाने ओरडत होते. माझ्या शेजारी एक आजोबा होते, टोपी हातात धरून उभे. ते पडद्याकडे बघत घरच्या पोराला हाक मारावी तसं हळूच म्हणाले, "जिन-माना, जिन-माना."