आयुष्मान कार्ड होतं, बीपीच्या गोळ्या मिळाल्या वॉर्डातल्या दवाखान्यात

आमच्याकडे मेडिक्लेम वगैरे काही नाही. वडील यंत्रमागावर, आई विड्या वळते. सोलापूरच्या पूर्व भागात गल्लोगल्ली हेच. आईला चक्कर यायला लागली तसं जो तो सांगायला लागला, 'आयुष्मानचं कार्ड काढा.' काढलं. हॉस्पिटलात या योजनेची माहिती द्यायला बसतो त्या आरोग्यमित्राला विचारलं तर म्हणाला, "ताई, हे अॅडमिट झाल्यावर. ऑपरेशन, मोठे उपचार. रोजच्या गोळ्या यात बसत नाहीत." पाच लाखांचं कार्ड कपाटात आणि बीपीची गोळी विकत!

मग आशाताईंनी महापालिकेच्या नागरी आरोग्य केंद्राचं नाव काढलं. अडचण होती वेळेची. ओपीडी सकाळी, आणि आई नेमकी तेव्हाच कारखान्यात माल द्यायला जाते. विड्या मोजून, छाट (नापास विड्या) निघून, पुढचं पान-तंबाखू घेऊन घरी यायला दुपार होते. खाडा केला की मजुरी बुडाली. शेवटी शेजारच्या काकूंकडे माल सोपवला आणि आईला घेऊन गेले.

केसपेपर झाला. तिशीच्या पुढच्या प्रत्येकाची बीपी-शुगर तिथे तपासतात, त्याचा एक फॉर्म असतो. सिस्टर भरत होत्या.
"तंबाखू खाता?"
"खात नाही, दिवसभर हुंगते," आई म्हणाली. त्या रकान्यात काय लिहायचं, सिस्टरना कळेना.

बोटातून रक्त घेऊन शुगर बघितली, ती ठीक निघाली. बीपी जास्त होतं, पण डॉक्टरांनी लगेच गोळी दिली नाही. बसवून पुन्हा मोजलं, परत बोलावून मोजलं, मग अॅम्लोडिपिन ही बीपीची गोळी सुरू केली. मला हे पटलं. मीठ कमी करा म्हणाले, शेंगाचटणीही जपून. सोलापुरात हे सांगायला धाडस लागतं. आईने मान डोलावली, घरी आल्यावर भाकरीबरोबर चटणी घेतलीच. चिमूटभर कमी, एवढंच.

आता महिन्याच्या गोळ्या एकदम मिळतात, त्यामुळे सारखा खाडा होत नाही. मध्ये एकदा साठा संपला होता, तेव्हा चिठ्ठीवर औषधाचं मूळ नाव लिहून घेतलं आणि जनऔषधीच्या सरकारी योजनेतल्या दुकानातून आणल्या, स्वस्तात पडल्या. तुम्हीही जाताना आधार, मोबाइल आणि जुनी चिठ्ठी न्या. गोळ्या संपायच्या चार दिवस आधीच जा.