माळ्यावरून कागदांकडे: आमची वाटचाल

आम्ही दोघी जावा. 2018 साली इंदूरच्या रामबागेतल्या ओळखीच्या एका काकूंचं घर आवरून दिलं आणि तिथून हा व्यवसाय सुरू झाला. काका-काकू जुनं घर सोडून बायपासकडच्या फ्लॅटमध्ये राहायला निघाले होते, मुलगा-सून पुण्याला. हाताशी माणूस नाही म्हणून आम्ही गेलो, तर निघताना काकूंनी बळेच पाकीट हातात कोंबलं. मग त्यांच्या बहिणीचा फोन आला. त्या खेपेला पैशांचं आधीच बोलून घेतलं.

सुरुवातीला दर खोलीवर होता. पण माळा खोलीत धरायचा की वेगळा, यावरून इतकी घासाघीस व्हायची की आम्ही सरळ दिवसाचा दर ठेवला. आणि इंदूरच्या मराठी घरांतलं खरं काम माळ्यावरच असतं! मुंजीत, लग्नात आलेली, नाव घातलेली स्टीलची भांडी, कल्हई उडालेली पितळी पातेली, चिनी मातीच्या बरण्या, गाद्यांची वळकटी, सुतळीने बांधलेले दिवाळी अंक. भांडं द्यायला कुणाची ना नसते, त्यावरचं नाव मात्र देववत नाही. अशा वेळी जाऊबाई बोलतात, मी गप्प बसते. त्यांना ते जमतं.

नियम एकच: घरच्यांनी स्वतः हातात घेऊन 'हे द्या' म्हटल्याशिवाय वस्तू दाराबाहेर जाणार नाही. ज्याचा निर्णय होत नाही ते एका खोक्यात, वर तारीख, सहा महिने. बहुतेक खोकी पुन्हा उघडलीच जात नाहीत.

फेकायचं काम इथे सोपं नाही. 2017 साली इंदूर देशात स्वच्छतेत पहिलं आलं, त्यानंतर शिस्त वाढतच गेली. आता गाडीत ओला, सुका, प्लास्टिक, सॅनिटरी, ई-कचरा आणि घरगुती घातक असं सगळं वेगवेगळं द्यावं लागतं. मुदत संपलेली औषधं, सीएफएल दिवे, जुने सेल एकाच थैलीत कोंबले, तर गाडीवाला भैया थैली परत हातात देतो. त्यामुळे आमच्या सामानात झाडूपेक्षा थैल्या जास्त.

व्यवसायाला वळण मिळालं ते कागदांमुळे. एका आजींच्या नऊवारीच्या घडीत बंद झालेल्या पाचशे-हजाराच्या नोटा निघाल्या. बँकेत भरायची मुदत 30 डिसेंबर 2016 लाच संपली होती. आजींना वाटत होतं, नातू काहीतरी करेल. उलट 2017 च्या कायद्याप्रमाणे अशा दहापेक्षा जास्त नोटा जवळ ठेवणं हाच गुन्हा आहे, हे त्यांना समजावताना माझाच जीव खाली-वर होत होता. दोन हजाराच्या नोटेचं तसं नाही. 2023 मध्ये ती चलनातून मागे घेतली, तरी रिझर्व्ह बँकेच्या कार्यालयात, आपल्याला जवळचं म्हणजे भोपाळच्या, पोस्टानेही पाठवता येते.

तेव्हापासून आम्ही ट्रंका, फायली आणि गादीखालचे लिफाफे आधी बघतो, भांडी नंतर. सासऱ्यांच्या नावाचे कागदी शेअर निघतात. 1 एप्रिल 2019 पासून ते तसेच्या तसे विकून दुसऱ्याच्या नावावर करता येत नाहीत, आधी डिमॅट, म्हणजे कागदाऐवजी इलेक्ट्रॉनिक खात्यात जमा, करावे लागतात. वारसाहक्काने नावावर करायची वाट वेगळी आहे. सलग सात वर्षं लाभांश कुणी घेतला नसेल, तर ते शेअर सरकारच्या गुंतवणूकदार निधीत गेलेले असतात, पण हक्क बुडत नाही, अर्ज करून परत मागता येतात. दहा वर्षं न शिवलेली बँकेतली ठेव शोधायला रिझर्व्ह बँकेचं 'उद्गम' पोर्टल आहे. अर्ज आम्ही भरत नाही, ते सीएचं काम. आम्ही फक्त कागद लावून देतो: घराचे, बँकेचे, विम्याचे, दवाखान्याचे. फायलीच्या पाठीवर मोठ्या अक्षरात मराठीत नाव, चष्म्याशिवाय वाचता येईल असं. परदेशातली मुलं हल्ली फोन करतात ती याचसाठी. "वहिनी, कपाटं राहू द्या, बाबांचे कागद तेवढे लावून द्या."

आता आम्हा दोघींबरोबर लोकमान्य नगरातल्या आणखी दोघी येतात. दिवाळीआधीच्या आठवड्यात मोठं काम घेत नाही, कारण माळ्यावरून उतरवलेलं सामान लक्ष्मीपूजनापर्यंत परत चढेल याची खात्री देता येत नाही. पितृपक्षात मात्र दर कमी असतो. त्या दिवसांत नवीन काही सुरू करत नाहीत म्हणून लोक कचरतात, पण आमच्याकडे नवीन काही नसतंच, सगळं जुनंच काढायचं असतं.