पावसाळ्यात अवजड गाडी कोकणात उतरवताना: कोल्हापूर, आंबा घाट, लोटे

कोल्हापूरहून साखरेची पोती भरून रत्नागिरी, तिथे गाडी खाली करून रिकामीच लोटे एमआयडीसीला, असा जुलैमधला फेरा झाला. दहाचाकी गाडी, सोबत क्लीनर म्हणून चुलतभाऊ. देशावरचे बरेच ड्रायव्हर भर पावसात पहिल्यांदाच घाट उतरतात, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

मलकापूर सोडल्यावर पावसाने गाठलंच. आंबा गावात गाडी बाजूला घेतली. घाटातली निम्मी कामं घाटाच्या वरच उरकायची असतात. ब्रेकच्या हवेच्या टाक्यांचे कॉक उघडून पाणी काढलं. दमट हवेत टाकीत पाणी फार लवकर साचतं आणि ते व्हॉल्व्हपर्यंत गेलं की ब्रेकचा भरवसा राहत नाही. मग ताडपत्रीतलं पाणी खालून ढकलून काढलं आणि दोऱ्या पुन्हा आवळल्या. भिजलेल्या साखरेचे पैसे मालक कापतो ते सोडा, पण पोती एका अंगाला बसली तर वळणावर गाडी त्याच अंगाला कलते.

तेवढ्यात खालून एक एसटी आली. तिच्या ड्रायव्हरला विचारलं. तो म्हणाला, “पाणी गढूळ आहे, पण दगड नाहीत अजून. जा आता, थांबू नका कुठं.” मोबाईलवरच्या नकाशापेक्षा हे उत्तर शंभर पट कामाचं. डोंगरातून स्वच्छ धबधबा येत असेल तर चिंता नाही. तेच पाणी एकदम लाल झालं, बारीक खडे घरंगळू लागले, झाडं रस्त्याकडे कललेली दिसली, तर दरड सुटायच्या बेतात आहे असं समजा आणि मागेच थांबा. 2021 च्या जुलैत याच घाटात रस्ता खचला आणि अवजड गाड्यांना तो बराच काळ बंद होता.

उतरताना जुनाच नियम: ज्या गिअरमध्ये हा चढ चढला असता, त्याच गिअरमध्ये उतरा, आणि तो गिअर उतार सुरू होण्याआधीच टाका. भरलेल्या गाडीला एक्झॉस्ट ब्रेक (इंजिनचा धूर अडवून वेग रोखणारा) चालू ठेवा. पायाचा ब्रेक ठाम दाबून वेग उतरवा आणि पूर्ण सोडा. नुसता पाय टेकवून ठेवलात तर चाकातला ब्रेकचा ड्रम तापतो, फुगतो, त्याला आतून घासणाऱ्या लायनरपासून लांब जातो आणि पेडल दाबूनही गाडी थांबत नाही. बाहेर पाऊस पडतोय म्हणून आतला ड्रम थंड राहतो असं नाही. डिझेल वाचवायला न्यूट्रलवर गाडी सोडणारे अजून आहेत. इंजिन बंद करून उतरणारे तर त्याहून शहाणे! कॉम्प्रेसर थांबला की हवा भरत नाही, स्टिअरिंगही जड होतं.

धुक्यात डिपरवर (हेडलाइटचा झोत खाली ठेवून) चला, अप्पर लावलात तर समोर पांढरी भिंत दिसते. गाडी बंद पडलीच तर त्रिकोण मागच्या वळणाच्या पलीकडे ठेवा, नाहीतर येणाऱ्याला तो दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. आणि चाकाला लावलेले दगड निघताना उचला. रात्री दुचाकीवाल्याचा जीव त्यावरच जातो.

साखरपा, पाली, रत्नागिरी. गाडी खाली व्हायला वेळ लागला नाही.

आता खरी सांगायची गोष्ट. भरलेल्या गाडीला सगळे घाबरतात, पण ओल्या रस्त्यावर रिकामी गाडी जास्त घातकी. ब्रेक तेवढेच, मागच्या चाकांवर वजन मात्र नाही. जरा जोरात दाबलात तर मागची चाकं जाम होतात आणि हौदा फिरतो. हातखंब्याला जेवताना साखरप्याचा एक ड्रायव्हर भेटला. तो हिवाळ्यात सफरचंद आणायला श्रीनगरला जातो. तिकडे बर्फात चाकांना साखळ्या बांधतात, थंडीने डिझेल गोठू लागतं, आणि पुलाला खालूनही गार वारा लागत असल्याने बर्फ आधी पुलावर धरतो. “पण गाडी घसरते ती सारखीच,” तो म्हणाला. निसरड्या जागी तो एक्झॉस्ट ब्रेक बंद ठेवतो, कारण हा ब्रेक फक्त मागच्या ओढणाऱ्या चाकांनाच धरतो आणि रिकाम्या गाडीची तीच चाकं आधी सुटतात. आमच्याकडे साखळ्या कोण बांधणार, पण दरडीच्या लाल चिखलावर आणि पुलाच्या लोखंडी सांध्यांवर मी तेच करतो. टायरची नक्षी कायद्याला 1.6 मिमी खोल पुरते, कोकणातल्या पावसाला पुरत नाही.

बावनदी, संगमेश्वर, सावर्डे. साइडपट्टी हिरवीगार दिसली तरी डावं चाक तिच्यावर घालू नका, रुतलं तर क्रेनशिवाय निघत नाही. साचलेल्या पाण्यातून गेल्यावर थोडं अंतर ब्रेक हलके दाबत चला, म्हणजे लायनर सुकतात.

चिपळूणला पोचायची वेळ ठरवताना कॅलेंडर बघा. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात भरती चढली की तिथल्या वाशिष्ठी नदीचं पाणी खाडीत उतरत नाही, त्यात कोयनेच्या वीजघरांतून सुटलेलं पाणीही हिच्यातच येतं. 22 जुलै 2021 च्या महापुरावेळी गुरुपौर्णिमा दोन दिवसांवर होती. अशा दिवशी मुसळधार लागली तर सावर्ड्यातच मुक्काम करा. पुढे परशुराम घाटातही दरडीचा धोका असतो, तो दिवसाउजेडी पार केलेला बरा. लोटे तिथून जवळच आहे.

गणपतीच्या सुमारास मुंबई-गोवा महामार्गावर अवजड गाड्यांना काही दिवस बंदी असते. दूध, भाजी, गॅस, डिझेल यांना सूट मिळते, साखरेला नाही. तारखांची अधिसूचना बघूनच माल भरा. मुंबईकडून गोव्याला जाणाऱ्यांनी कोलाडला ट्रक सरळ कोकण रेल्वेच्या रो-रो गाडीवर चढवावा. 1999 पासून ती सोय आहे आणि थेट वेर्ण्याला उतरता येतं. मात्र मालाची उंची आधी विचारून घ्या, ताडपत्री फुगलेली असेल तर गाडी घेत नाहीत.