मिस्त्री म्हणाले, काम असलं तर बोलवा

गेल्या महिन्यातली गोष्ट, पण डोक्यातनं जाईना म्हणून लिहितोय. मी गोकुळ शिरगाव एमआयडीसीत एका कंपनीत मेंटेनन्स बघतो. चालू मशीनबद्दल कुणी विचारत नाही आणि बंद पडलं की वॉचमनपासून मालकापर्यंत सगळे विचारतात, एवढं सांगितलं की आमचं रोजचं सगळं आलं.

आमचा तीन मीटर बेडचा (खालच्या लांब पायाचा) जुना लेथ, म्हणजे लोखंड फिरवून कातायचं मशीन, लांब शाफ्ट त्याच्याशिवाय होत नाहीत. लेथवर बहुतेक काम चकजवळच, म्हणजे लोखंड पकडणाऱ्या जबड्याजवळच होतं त्यामुळं बेडही तिथंच झिजतो, मग शाफ्टचा डाया (व्यास) एका टोकाला वेगळा यायला लागला. बेड बाहेरनं ग्राइंड करून आणला, सॅडलच्या, म्हणजे बेडवर सरकणाऱ्या भागाच्या पोटाला टर्काइट हे प्लास्टिकचं अस्तर चिकटवलं आणि तिथं अडलं. टर्काइट स्क्रेप करून, म्हणजे उंचवटे बारीक बारीक खरवडून, बेडवर बसवणारा माणूसच मिळेना. सीएनसी चालवणारी पोरं मिळतात, पण स्क्रेपर धरणारा उद्यमनगरातल्या वर्कशॉपांत पण शोधत फिरायला लागतं, आणि हे त्या कोल्हापुरात जिथनं ऑइल इंजिनं अख्ख्या देशात गेली.

मग स्क्रेपिंग येणारे जुने मिस्त्री आठवले. अठ्ठावन्नला रिटायर होऊन पंधरा-सोळा वर्षं झाली असतील. फोनवर फक्त विचारलं, "बेड कुणाकडनं ग्राइंड केलासा? रिपोर्ट हाय का?" पैशाचं काहीच नाही.

गेटवर एचआरनं नाट्य केलं. साठीच्या वरच्या माणसाला कॉन्ट्रॅक्टर पास नाही म्हणे, इन्शुरन्स बसत नाही. व्हिजिटर पास मिळेल, पण व्हिजिटरनं मशीनला हात लावायचा नाही. ज्याला मशीनला हात लावायलाच बोलवलंय त्याला! शेवटी फॅक्टरी मॅनेजरची सही आणून आत घेतलं. ह्याच एचआरनं नोटीस बोर्डवर "अनुभव हीच आमची संपत्ती" असं पोस्टर लावलंय.

मला वाटलं आता बोट फिरवून सांगतील कुठं उंच आहे ते, आपल्याकडं तसल्या गोष्टी लई सांगतात. मिस्त्री म्हणाले, "बोटाला काय कळतंय, डायल लाव." आधी लेव्हल, मग डायल (उंचसखल मोजायचं घड्याळ), आकडे खडूनं बेडशेजारी लिहिले आणि मगच पिशवी उघडली. टर्काइट हिरवट निळं असतं, त्याच्यावर कुठं टेकतंय ते दाखवणारा मार्किंगचा निळा रंग नीट दिसत नाही, म्हणून ते रेड लेड (शिशाची लाल पूड) तेलात कालवून घेऊन आले होते. बेडवर त्याचा इतका पातळ हात द्यायचा की खालचं लोखंड दिसलं पाहिजे. आमच्या आयटीआयच्या अप्रेंटिसनं पहिल्यांदा जाड लावला तर सगळं सॅडलच लाल होऊन आलं, पोरगं खूश, म्हणतंय बसलं की सगळीकडं. मिस्त्रींनी सगळं पुसायला लावलं. "जाड लावलास की खोटं बोलतंय ते."

मग चेन ब्लॉकनं सॅडल खाली सोडायचं, थोडं मागंपुढं घासायचं, परत उचलायचं, उलटं करायचं आणि ठिपके वाचायचे. लाल ठिपका म्हणजे टेकलेली जागा. पण ज्या ठिपक्याचा मध्य चकचकीत आणि कडेला लाल रिंग, तो सगळ्यात उंच, आधी त्याला घ्यायचं. पहिल्या फेरीत फक्त दोन कोपरे टेकत होते. स्क्रेपर कमरेच्या जोरावर ढकलतात, हातानं नाही, आणि दर फेरीला दिशा बदलायची, नाहीतर लाटा पडतात. मिस्त्रींना हे पंधरा-वीस मिनिटांच्या वर झेपेना. दम लागला, स्टुलावर बसले, चेहरा उतरला होता. पुढचं सगळं अप्रेंटिसनं ढकललं आणि ह्यांनी खडूनं नुसतं दाखवलं, हे घे, हे सोड, इथं फक्त पुसल्यासारखं. संध्याकाळपर्यंत ठिपके सगळीकडं सारखे पसरले. टेस्ट कट घेतला, ३०० मिलिमीटरवर दोन्ही टोकांच्या डायात फरक १० मायक्रॉनच्या, म्हणजे मिलिमीटरच्या शंभराव्या भागाच्या आत. पोरगं मायक्रोमीटर घेऊन परत परत मापत होतं.

आमचा मॅनेजर तसा बरा माणूस आहे, प्रेझेंटेशनची हौस सोडली तर. त्यानं तिथंच ऑफर दिली. महिन्याला ठरावीक पैसे, आठवड्यात दोन दिवस यायचं, ट्रेनिंग सेंटरमध्ये पोरांना स्क्रेपिंग शिकवायचं. ईपीएस-९५ च्या, म्हणजे पीएफवाल्या पेन्शनमध्ये काय भागतं ते सगळ्यांना माहितीय, त्यामुळं मिस्त्री हो म्हणणार असं मी धरून चाललो होतो.

त्यांनी विचारलं, "शिकवायचं कशावर?"

"प्लेटवर. डमी."

"आणि ती प्लेट मग कुठं बसणार?"

कुठंच बसणार नव्हती. बॅच संपली की ग्राइंड करून पुढच्या बॅचला.

"मग नको. उद्या मशीन चालणार असलं तर बोलवा, रात्री पण येतो." एक दिवसाची मजुरी घेतली, चहा घेतला आणि स्कूटरवरनं गेले.

मॅनेजर म्हणाला म्हातारपणीचा हट्ट आहे. मला तसं वाटत नाही, पण मॅनेजर अगदीच चुकीचा पण नाही. प्लेटवर हात बसला असता की पोरांचा, थोडाफार. आणि स्क्रेपिंगचं खरं काम आमच्याकडं वर्षात एखादंच निघतं, मग ह्या माणसानं उरलेलं वर्ष काय करायचं? मला अठ्ठावन्नला चार वर्षं राहिलीत. मला अशी डमी प्लेटवाली नोकरी कुणी दिली तर मी घेईन का, बहुतेक घेईनच, ईएमआय आहे.

स्क्रॅपच्या यादीत आमचं एक स्लॉटिंग मशीन (खाचा पाडायचं) पडलंय, स्लाइड झिजलीय, बाकी सगळं ठणठणीत. मागच्या आठवड्यात मी ते यादीतनं काढायला नोट टाकलीय, रिपेअरचा खर्च जोडून. मॅनेजर म्हणतोय जागा अडतीय, भंगाराला आता भाव बरा आहे. सही अजून व्हायचीय. अप्रेंटिस मात्र रोज येऊन विचारतोय, सर काय झालं, मिस्त्रींना फोन करू का.