स्मॉल एक्स की कॅपिटल एक्स

मे महिन्यातली नागपूरची दुपार, कूलरसमोरही लॅपटॉप तापलेला. कोडच्या आवृत्त्या सांभाळणाऱ्या गिटमध्ये ब्रँच, म्हणजे कोडची शाखा, बदलली, तरी एक मॉड्यूल (प्रोजेक्टचा एक भाग) फोल्डरमध्ये दिसतच होतं. या ब्रँचवर ते नाहीच. गिट स्टेटसमध्येही त्याचं नाव नाही. उघडून पाहिलं तर आत फक्त टार्गेट, म्हणजे जुन्या बिल्डचा कचरा. टार्गेट गिटइग्नोरमध्ये, म्हणजे गिटने दुर्लक्ष करायच्या यादीत, असल्याने ब्रँच बदलताना गिट त्याला हात लावत नाही. बिल्ड करणाऱ्या मेव्हनचं क्लीन चालवलं, पण त्याला आता ते मॉड्यूलच माहीत नाही, मग झाडणार कुठून?

"काऊन हातानं डिलीट करून राहिला बे? गिट क्लीन आहे ना," शेजारचा म्हणाला.

नुसतं गिट क्लीन, म्हणजे गिटच्या नोंदीत नसलेलं पुसणारी कमांड, टाकलं तर त्याने चक्क नकार दिला. फोर्सचा एफ लावल्याशिवाय ते काही पुसत नाही. बरंच आहे, कारण पुसलेलं ट्रॅशमध्येही सापडत नाही. म्हणून आधी एन लावला : काय काय जाईल त्याची नुसती यादी. फोल्डरसाठी डी. आणि एक्स, तो मी स्मॉल टाकला. यादीत टार्गेट होतंच, पण खाली 'वुड रिमूव्ह' म्हणत आदल्या दिवशी लिहिलेली, अजून गिटमध्ये ॲड न केलेली टेस्ट फाइलही होती. पोटात गोळा आला. स्मॉल एक्स इग्नोर केलेलं आणि ट्रॅक नसलेलं (गिटच्या नोंदीत नसलेलं) दोन्ही उचलतो, कॅपिटल एक्स फक्त इग्नोर केलेलं.

कॅपिटल टाकला, टेस्ट फाइल वाचली. आता एफ देणार, तोच यादीत डॉट ईएनव्ही ही सेटिंगची फाइल दिसली. डेटाबेसचा पासवर्ड तिच्यात, दुसरी प्रत नाही. वगळायला डॅश ई आहे म्हणून तो लावून तिचं नाव दिलं. पुन्हा यादी काढली, बाईसाहेब तिथेच! अर्धा तास डोकं खाल्लं. डॅश ई म्हणजे 'हे सोड' नव्हे, 'हेही इग्नोरमध्ये धर'. स्मॉल एक्ससोबत त्याने फाइल वाचते, पण कॅपिटल एक्स तर इग्नोरचंच पुसतो. म्हणून नावाआधी उद्गारचिन्ह हवं, म्हणजे 'हे इग्नोरमध्ये धरू नको', तेही सिंगल कोटमध्ये, नाहीतर बॅश (कमांड चालवणारा शेल) त्या चिन्हावरून जुन्या कमांडची हिस्ट्री उकरायला जातो.

मग एफ दिला. भुताचं मॉड्यूल गेलं, डॉट ईएनव्ही राहिली. एडिटरच्या सेटिंगचं फोल्डर आणि नोड मॉड्यूल्सही (जावास्क्रिप्ट लायब्ररींचं फोल्डर) गेले. यादीत दोन्ही होते, मीच नीट वाचले नव्हते. लायब्ररी परत आणायला इन्स्टॉल लावून आयटी पार्कसमोरच्या टपरीवर चहा प्यायला गेलो, परत आलो तरी ते चालूच होतं.