तुम्ही विचारलंत म्हणून: अ‍ॅस्टेअर छतावर नाचला कसा?

'रॉयल वेडिंग' या हॉलिवूडच्या चित्रपटाचं नाव निघालं की लग्नाबद्दल कुणी विचारत नाही. राजकन्या एलिझाबेथचं लग्न, २० नोव्हेंबर १९४७ची लंडनमधली मिरवणूक, सगळं बाजूला राहतं. प्रश्न ठरलेला: नर्तक-अभिनेता फ्रेड अ‍ॅस्टेअर भिंत चढून छतावर नाचतो, तेव्हा त्याला दोऱ्या बांधल्या होत्या का?

दोरी एकही नव्हती. फिरत होती ती खोली. पोलादी सांगाड्याच्या मोठ्या आडव्या पिंपात हॉटेलची खोली उभारली होती आणि ते पिंप फिरवलं जायचं. अ‍ॅस्टेअर सतत तळाशीच नाचतोय. कॅमेरा मात्र खोलीलाच जखडलेला, कॅमेरामनही पट्ट्यांनी बांधलेला. खोली उलटी झाली की तोही उलटा. त्यामुळे पडद्यावर खोली जागच्या जागी दिसते आणि माणूस वर चढतो. दिवेही खोलीबरोबरच फिरावे लागतात. एक जरी दिवा स्टुडिओच्या जमिनीवर राहिला तरी सावल्या भिंतींवरून सरकतात आणि बिंग फुटतं.

बहुतेकांचं एवढ्यावर समाधान होतं. पण खरा घाम सामानानं काढलेला असतो. टेबल-खुर्ची ठोकून बसवता येते. पडद्याचं कापड, दिव्याची झुंबरं, टेलिफोनची वायर यांचं काय? लोंबणारी प्रत्येक वस्तू चुगली करते, म्हणून ती कडक करून जागीच धरून ठेवावी लागते.

आणि कोपरा! खोली ४५ अंश कलली की जमीन आणि भिंत दोन्ही सारख्याच उताराच्या होतात. पाय पलीकडे टाकायचा तो तेव्हाच. आधी टाकला तर भिंत अजून खडी चढण असते. उशीर झाला तर पायाखालची जमीनच घसरगुंडी होते. हे सगळं तालात, चेहऱ्यावर प्रेमात पडल्याचं हसू ठेवून. पिंप काही नाचणाऱ्यासाठी थांबत नाही.

ताडून पाहायचं असेल तर फोनचं ऑटो-रोटेट बंद करा, नाच लावा आणि अ‍ॅस्टेअरचे पाय कायम खाली राहतील असा फोन हातात फिरवत जा. खोली गरगरताना दिसेल. कोटाच्या खालच्या कडेवर नजर ठेवा: 'छतावर' असतानाही ती त्याच्या पायांकडेच लोंबते. आणखी एक खूण म्हणजे कॅमेऱ्यासमोर दिसणाऱ्या मागच्या भिंतीवर तो एकदाही चढत नाही. चढणार कसा? पिंपाचा आस, म्हणजे ज्या रेषेभोवती ते फिरतं ती, कॅमेऱ्यापासून त्या भिंतीकडेच जातो, त्यामुळे ती कधी तळाला येतच नाही.

याच चित्रपटात बोटीवरचा नाच आहे, तो याच्या अगदी उलट. तिथे समुद्र खवळतो, जमीन कलते, फळं घरंगळतात, अ‍ॅस्टेअर आणि चित्रपटात त्याची बहीण झालेली जेन पॉवेल घसरत घसरत नाचतात. तिथे सामान सुटं असण्यात गंमत, इथे ते न हलण्यात. दिग्दर्शक स्टॅन्ली डोनन तेव्हा पंचविशीच्या आसपासचा होता, हे मुद्दाम सांगायला हवं. १९८६मध्ये गायक लायोनेल रिचीच्या 'डान्सिंग ऑन द सीलिंग'च्या व्हिडिओसाठी त्यानंच फिरत्या खोलीची ही युक्ती पुन्हा वापरली.

कथा बेताची आहे: अमेरिकन भाऊ-बहिणीची नाचणारी जोडी शाही लग्नाच्या दिवसांत लंडनला जाते आणि बहीण एका लॉर्डच्या प्रेमात पडते. पण ही कथा हवेतून आलेली नाही. अ‍ॅस्टेअरची थोरली बहीण अडेल हीच त्याची रंगमंचावरची जोडीदार होती. १९३२मध्ये तिनं लॉर्ड चार्ल्स कॅव्हेंडिशशी लग्न केलं आणि रंगमंच सोडला.

पाहताना प्रत मात्र निवडून घ्या. अमेरिकेत या १९५१च्या चित्रपटाच्या कॉपीराइटचं नूतनीकरण झालं नाही, म्हणून कुणीही काढलेल्या विटक्या, लालसर प्रती सगळीकडे फिरतात. वॉर्नर आर्काइव्हनं काढलेली ब्लू-रे डिस्क मिळाली तर तीच लावा. विटक्या प्रतीत कोटाची कड काही दिसायची नाही.