पिवळी, पांढरी आणि उरलेली लाल

आमच्या साताऱ्याच्या घरातल्या टीव्हीला मागच्या बाजूला तीनच भोकं आहेत. एक अँटेनाचं, एक चित्राचं पिवळं, एक आवाजाचं पांढरं. २१ इंची, नळीचा, हलवायचा म्हटलं की दोन माणसं आणि एक शिवी लागते. २००४ साली आणला तेव्हा दुकानदार त्याला कौतुकाने ‘फ्लॅट’ म्हणाला होता. फ्लॅट म्हणजे पुढची काच. पाठीला हातभर पोक आहेच. पिवळ्या-पांढऱ्यावर सेट टॉप बॉक्सचा कब्जा, आणि सेट टॉप बॉक्सवर आईचा. अशी सगळी व्यवस्था वर्षानुवर्षं सुरळीत चाललेली.

मे महिन्यात भाचा आजोळी आला, बॅगेत कपडे थोडे आणि टीव्हीला लावून खेळायचं गेमचं यंत्र, प्लेस्टेशन फोर, घेऊन. आल्या आल्या तो शोकेसमागे घुसला आणि आतूनच त्याचा आवाज आला, “मामा, एचडीएमआय कुठेय?”

“नाहीये.”

“म्हणजे दुसऱ्या बाजूला आहे का?”

टीव्हीला एचडीएमआय, म्हणजे चित्र आणि आवाज एकाच वायरीतून घेणारं नवं भोक, नसतं ही गोष्ट त्याला नळाला पाणी नसतं यापेक्षा जास्त धक्कादायक होती. आणि त्याचंही चुकत नव्हतं. प्लेस्टेशन टू, थ्री यांना पिवळी-पांढरी-लाल वायर चालायची. २०१३ साली आलेल्या फोरला मात्र चित्र बाहेर पडायला एचडीएमआय ही एकच वाट ठेवलेली आहे. पलीकडे १९ पिनांचा चपटा, आकड्यांतच बोलणारा सॉकेट. अलीकडे एक गोल पिवळं भोक, ज्याला आकडे कळत नाहीत, फक्त विजेचे चढउतार कळतात. मध्ये दुभाषा हवा.

दुभाषा काडेपेटीपेक्षा थोडा मोठा असतो आणि दुकानात त्याला ‘कन्व्हर्टर’ म्हणतात. मी गेलो, मागितला, आणला. लावला, तर काहीच नाही. दोन्ही बाजूंच्या वायरी काढून घातल्या, फुंकर मारली (ही सवय कॅसेटच्या काळातली), टीव्हीच्या डोक्यावर थापही मारून झाली. मग चष्मा लावून डबीवरची अक्षरं वाचली. ‘एव्ही टू एचडीएमआय’ लिहिलं होतं. एव्ही म्हणजे आपली पिवळी-पांढरी. मला पाहिजे होता ‘एचडीएमआय टू एव्ही’. तीच डबी, तोच रंग, तीच भोकं, पण ही फक्त जुन्याचं नवं करते. नव्याचं जुनं करायचं तर वेगळी डबी. परत गेलो तर दुकानदार शांतपणे म्हणाला, “तेच आहे हो, फक्त उलटं.” साहेब, तेच तर.

दुसरी डबी आणली. तिला पाच व्होल्टचा खुराक लागतो, तो प्लेस्टेशनच्याच यूएसबीतून दिला. आता मागे हात घालायची वेळ. शोकेस भिंतीला चिकटलेली, त्यामुळे मोबाइलचा टॉर्च दातांत धरून, गाल काचेला टेकवून, एक हात मागे. वीस वर्षांच्या धुळीने आणि उन्हाने पिवळं भोक इतकं फिकं पडलंय की टॉर्चच्या उजेडात दोन्ही पांढरीच दिसतात. घातली अंदाजाने. पडदा काळा, आणि स्पीकरमधून असा गुरगुराट की आई स्वयंपाकघरातून धावत आली. चित्राची पिन आवाजाच्या भोकात गेली की टीव्ही बिचारा ते चित्र ऐकवायला लागतो. पिनांची अदलाबदल केली.

चित्र आलं. कृष्णधवल, आणि वरून खाली सरकणारं.

डबीच्या कडेला एक इवलंसं बटण होतं, नखानेच सरकवता येईल असं. एका टोकाला पॅल, दुसऱ्याला एनटीएससी. आपल्याकडचा नळीचा टीव्ही पॅलच्या घराण्यातला, ६२५ रेषा आणि सेकंदाला २५ चित्रं. अमेरिका-जपानकडे एनटीएससी, ५२५ रेषा आणि जवळजवळ ३० चित्रं असायची. डबी दुसऱ्या घराण्यात गात होती. गेम २१ व्या शतकातला आणि पडद्यावर १९८२ च्या एशियाडच्या आधीचा कृष्णधवल भारत! बटण सरकवलं आणि मैदान हिरवं झालं. भाच्याने टाळी दिली.

मात्र खेळाडू सगळे उपाशी दिसत होते. रुंद पडद्यासाठी काढलेलं चित्र आमच्या जवळजवळ चौकोनी टीव्हीत कोंबलेलं, त्यामुळे माणसं उंच आणि हडकुळी, फुटबॉल अंड्यासारखा. मेनूतली अक्षरं तर मुंग्यांची रांग. १०८० रेषांचा मजकूर सहाशेच्या आत बसवायचा म्हटल्यावर दुसरं काय होणार! शिवाय नळीच्या टीव्हीत चित्राच्या कडा चौकटीमागे जातात, तर स्कोअर तिथेच लिहिलेला. “मामा, कोण जिंकतंय?” हे विचारत विचारत तो पहिली मॅच खेळला.

आणि आठ वाजता आईने रिमोट उचलला.

त्यानंतर रोज दोनदा मी दातांत टॉर्च धरून शोकेसमागे. तिसऱ्या दिवशी गालाला काचेचा वळ उठला, तेव्हा एव्ही सिलेक्टर आणला. साधा डबा: तीन ठिकाणच्या वायरी आत, एक बाहेर, वर तीन खटके. १ वर आई, २ वर भाचा. माझ्या मते घरातल्या भांडणांवर इतका स्वस्त इलाज दुसरा नाही.

३ रिकामा होता. रिकामी जागा मला बघवत नाही, म्हणून माळ्यावरून आमचा जुना व्हिडिओ गेम काढला, बंदूकवाला. लहानपणी तो अँटेनाच्याच भोकातून चालायचा. टीव्हीच्या पुढच्या झाकणाआड बारीक चाकं असायची, त्यातलं एक नखाने फिरवत बसायचं, मुंग्या, मुंग्या, मुंग्या, आणि एकदम बदक. आता पिवळी पिन लावली तर लगेच आलं, तेवढीच मजा कमी.

ही बंदूक नव्या टीव्हीवर चालत नाही. तिच्यातून काही सुटत नाही, उलट ती बघते. घोडा ओढला की पडदा क्षणभर काळा होतो आणि मग फक्त बदकाच्या जागी पांढरा चौकोन चमकतो. बंदुकीला आधी अंधार आणि मग नेमक्या वेळी उजेड दिसला, तरच बदक पडतं. (म्हणून ट्यूबलाइटवर नेम धरून काही पडत नसे. करून बघितलेलं आहे.) नव्या टीव्हीत चित्र यायला किंचित उशीर होतो, तोवर बंदुकीचा डोळा मिटलेला असतो. भाच्याने दहा मिनिटं बदकं मारली आणि विचारलं, “आता पुढे काय होतं?”

“पुढे बदकं जोरात उडतात.”

“मग?”

“आणखी जोरात.”

तो २ वर परत गेला.

राहता राहिली लाल पिन. तिच्यातून उजव्या बाजूचा आवाज येतो आणि आमच्या टीव्हीला तर एकच स्पीकर, त्यामुळे तिला भोकच नाही. दोन्ही आवाज एकत्र करणारी वाय पिन मिळते, पण भाच्याने प्लेस्टेशनच्या रिमोटमध्ये हेडफोन खुपसून प्रश्न सोडवला. त्याला दोन्ही कानांनी ऐकू यायला लागलं आणि आईला दुपारची झोप मिळाली. लाल पिन मात्र शोकेसच्या मागून खाली लोंबत राहिली. झाडताना ती रोज केरसुणीत अडकायची.

एका सकाळी बघतो तर तिला फुलपुडीचा दोरा बांधून आईने खिळ्याला वर टांगून ठेवलेलं. भाचा पुण्याला गेला, प्लेस्टेशन गेलं. जाताना त्याने बाकीच्या वायरी ओढून काढल्या, पण ही गाठ काही त्याला सुटली नाही. डबी अजून तिथेच लटकते आहे.